गावच्या समाजमंदिराचा इतिहास कसा लिहावा: सातारा-सांगलीकडील गावांसाठी

गावच्या सांस्कृतिक भवनाला पन्नास वर्षे पूर्ण होत येतात, ग्रामसभेत स्मरणिका काढण्याचे ठरते, दोन-चार तरुण मंडळी कामाला लागतात आणि पहिल्याच बैठकीत लक्षात येते की कोनशिलेवरची पाच-सहा नावे सोडली तर नेमके असे कोणालाच काही सांगता येत नाही. मग कोनशिलेवरचा मजकूर, आजी-माजी सरपंचांचे फोटो आणि पाहुण्यांचे शुभेच्छा संदेश यांवर स्मरणिका उरकली जाते. उद्घाटनाला कोण आले होते एवढेच कोनशिला सांगते. जागा कोणाची होती, पैसे कोणी दिले, दगड कोणी वाहिले, आत कोणाला बसता येत होते आणि व्यासपीठावर काय काय झाले, यांतले काहीही तिच्यावर नसते. म्हणून कोनशिला शेवटी वाचावी आणि सुरुवात जागेच्या कागदापासून करावी, असा या लेखाचा आग्रह आहे.

त्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते: इतिहास इमारतीचा लिहायचा की गावाच्या एकत्र बसण्याचा? सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत आजचे भवन उभे राहण्यापूर्वी गाव चावडीत, देवळाच्या सभामंडपात, पारावर, तालमीत किंवा धर्मशाळेत बसत असे, आणि अनेक ठिकाणी जुनी धर्मशाळा किंवा चावडी पाडूनच त्या जागेवर भवन बांधले गेले. फक्त सध्याच्या स्लॅबचा इतिहास लिहिला तर तो चाळीस वर्षांत संपतो. बैठकीच्या जागांचा लिहिला तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाता येते. दुसरे असे की बहुतेक गावांत अशी इमारत एकच नसते. ग्रामपंचायतीचे सांस्कृतिक भवन वेगळे, बौद्धवस्तीतील समाजमंदिर वेगळे, मातंग वस्तीतील वेगळे, वाडीवरचे आणखी वेगळे. स्मरणिकेत मुख्य पेठेतील भवनाला वीस पाने आणि वस्तीतल्या समाजमंदिराला दोन ओळी देणे हे सर्रास होते, आणि ते चूक आहे. गावाला तीन सभागृहे का लागली, हाच त्या गावच्या इतिहासातला कळीचा प्रश्न असतो. मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या करण्याचे सरकारचे धोरण ठरले. आपल्या गावच्या धर्मशाळेत हे धोरण प्रत्यक्षात कधी आले, आले की नाही, याचा शोध घेणे हे लेखकाचे काम आहे.

जागेचा कागद

गावात सांगितले जाते की अमुक घराण्याने जागा दान दिली. हे खरे असू शकते, पण कागद पाहिल्याशिवाय लिहू नये. स्थावर मिळकतीचे दान कायद्याने नोंदणीकृत बक्षीसपत्रानेच होते, त्यामुळे दान असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची नोंद मिळायला हवी; इंडेक्स टू म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूची क्रमांक दोनचा शोध गावाच्या आणि वर्षाच्या नावाने घेता येतो. नोंद मिळाली नाही म्हणजे घराणे खोटे बोलते असेही नाही. जागेची अदलाबदल झालेली असते, नाममात्र रकमेचे खरेदीखत झालेले असते, किंवा नुसता ग्रामपंचायतीला दिलेला संमतिलेख असतो. काही वेळा जागा मुळातच गायरानाची किंवा गावठाणातली पडीक असते आणि ‘दान’ ही पुढच्या पिढीने लावलेली झालर असते.

जागा गावठाणाबाहेर असेल तर सातबारा आणि त्यावर लिहिलेल्या फेरफार क्रमांकांवरून मागे मागे जावे. सातबारावर ज्या क्रमांकांना वर्तुळ केलेले असते ते एकेक फेरफार म्हणजे त्या जमिनीच्या आयुष्यातला एकेक प्रसंग असतो, आणि इनाम किंवा वतन खालसा झाल्याची नोंदही तिथेच सापडते. गावठाणातील जागेसाठी सिटी सर्व्हे झालेला असल्यास मालमत्ता पत्रक आणि नसल्यास ग्रामपंचायतीचा नमुना आठ पाहावा. मोजणीचा नकाशा तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. जुने फेरफार मोडीत असतील तर मोडी वाचणाऱ्या माणसाला दोन पैसे देऊन नीट लिप्यंतर करून घ्यावे. ‘साधारण असे लिहिले आहे’ यावर समाधान मानू नये, कारण मोडीत एखादे आडनाव चुकीचे वाचले गेले की दाताच बदलतो.

या भागात कागद शोधताना एक अडचण हमखास येते, ती म्हणजे गाव पूर्वी कोणाच्या हद्दीत होते ही. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी वाळवा, तासगाव ही गावे इंग्रजी अमलातल्या सातारा जिल्ह्यात होती, तर शेजारची गावे सांगली संस्थानात, मिरज संस्थानाच्या थोरल्या किंवा धाकट्या पातीत (शाखेत), जत संस्थानात किंवा औंध संस्थानात होती. आटपाडी आणि कुंडल औंधाकडे होते. उत्तरेकडे फलटण स्वतंत्र संस्थान होते. ही संस्थाने मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. तेव्हा १९३० सालची धर्मशाळेची मंजुरी साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीत शोधून काही उपयोग नाही, जर गाव त्या वेळी संस्थानी असेल. ती चौकशी पुराभिलेख संचालनालयाच्या कोल्हापूर आणि पुणे येथील कार्यालयांत करावी. तालुकेही बदललेले आहेत. पलूस आणि कडेगाव हे तालुके अलीकडचे असल्याने तेथील गावांचे जुने कागद अनुक्रमे तासगाव आणि विटा येथे पाहावे लागतात. औंध संस्थानातील गावांना एक जादा लाभ आहे: तिथे १९३९ च्या राज्यघटनेने गावोगाव पंचायती आल्या, म्हणून अशा गावात ‘पंचायतीची बैठक’ हा शब्द स्वातंत्र्याआधीच्या कागदातही भेटतो आणि बैठकीची जागा कोणती होती हेही कळू शकते.

दप्तर

ग्रामपंचायतीत सर्वांत आधी प्रोसिडिंग मागावे. मासिक सभेचे आणि ग्रामसभेचे इतिवृत्त वेगवेगळ्या वह्यांत असते, दोन्ही पाहावीत. समाजमंदिराचा पहिला ठराव, त्याचा सूचक आणि अनुमोदक, विरोधात कोणी बोलले असल्यास त्याची नोंद, जागेचा ठराव, ठेकेदाराचा ठराव, भाड्याचे दर ठरवल्याचा ठराव, दुरुस्तीचा ठराव, असा हा धागा सलग वाचत गेल्यास निम्मा इतिहास उभा राहतो. ठरावाच्या भाषेला मात्र भुलू नये. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक ठरावाखाली असतात. पुढच्या सभेत तोच विषय पुन्हा आला असेल तर पहिल्यांदा एकमत नव्हते असे खुशाल समजावे. त्यानंतर रोकडवही आणि स्थावर मालमत्तेची नोंदवही पाहावी. ठरावात जे करायचे ठरले ते खरोखर झाले का, हे रोकडवहीतच कळते.

जुन्या रोकडवह्या आणि वर्गणीच्या याद्या वाचताना १ एप्रिल १९५७ ही तारीख लक्षात ठेवावी. त्या दिवसापासून दशमान नाणी आली. त्यापूर्वीचा हिशेब रुपये, आणे आणि पै यांत असतो: सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. ‘५-८-०’ म्हणजे पाच रुपये आठ आणे, आणि ‘५॥’ म्हणजेही तेवढेच, साडेपाच. एक उभी रेघ पाव रुपयाची, दोन रेघा अर्ध्याच्या. हे माहीत नसलेला मुलगा संगणकावर यादी भरताना ‘५-८-०’ चे पाचशे ऐंशी करतो आणि एखादा गरीब शेतकरी गावचा सर्वांत मोठा देणगीदार ठरतो. धान्यरूपाने दिलेली वर्गणी पायली आणि मण यांत असेल तर तिचे किलो करू नयेत, कारण ही मापे गावोगाव वेगळी होती. जशी लिहिली आहे तशीच छापावी.

सन आणि संस्था जुळतात का हे तपासण्यासाठी चार-पाच तारखा जवळ असल्या की बऱ्याच आख्यायिका आपोआप गळून पडतात. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या; त्याआधी जिल्हा लोकल बोर्ड होते. त्यामुळे ‘जिल्हा परिषदेने १९५७ मध्ये बांधून दिले’ हे वाक्य कोणी कितीही ठामपणे सांगितले तरी वर्ष किंवा संस्था यांपैकी एक चूक आहे. सध्याचा ग्रामपंचायत कायदा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम म्हणून १९५८ साली झाला. खासदार निधीची योजना डिसेंबर १९९३ मधली. त्याआधीच्या इमारतीला खासदार फंडाचा पैसा लागणे शक्य नाही, खासदारांनी दुसऱ्या कोणत्या योजनेतून तो मिळवून दिला असेल तर ती योजना शोधावी. अलीकडच्या सभागृहांत ‘पंचवीस-पंधरामधून झाले’ असे जे म्हटले जाते तो ग्रामविकास विभागाचा २५१५ हा लेखाशीर्ष आहे. वस्तीतील समाजमंदिर बहुधा समाजकल्याण विभागाच्या दलित वस्ती सुधार योजनेतून झालेले असते आणि त्याची फाईल पंचायत समितीत वेगळ्या टेबलावर असते. शासकीय निधीतून झालेल्या कोणत्याही कामाला अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, मोजमाप पुस्तिका आणि पूर्णत्वाचा दाखला असतो. मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एमबी म्हणतात, हाती लागली तर पाया किती खोल गेला आणि खिडक्या किती बसल्या इथपर्यंत कळते.

ग्रामसेवक, ज्यांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, त्यांना आधी तोंडी विचारावे, चहा घ्यावा, कपाट उघडण्यासाठी त्यांच्या सवडीची वेळ घ्यावी. माहिती अधिकाराचा अर्ज हा हक्क आहेच: जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. पण गावच्या स्मरणिकेसाठी पहिल्याच दिवशी अर्ज टाकला तर समोरचा माणूस सावध होतो आणि मागितले तेवढेच देतो. अर्ज दुसऱ्या पायरीवर ठेवावा.

इमारत देवस्थानाची, तालमीची किंवा एखाद्या मंडळाची असेल तर कागद ग्रामपंचायतीत नसतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंद झालेल्या संस्थेचा परिशिष्ट एकचा उतारा जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात मिळतो, त्यावर मिळकतीचे वर्णन, मूळ विश्वस्त आणि नंतरचे बदल असतात.

सहसा कोणी पाहत नाही असे एक साधन म्हणजे प्राथमिक शाळेचे शेरेबुक. शाळेला खोल्या नव्हत्या तेव्हा वर्ग देवळात, चावडीत किंवा धर्मशाळेत भरत, आणि तपासणीला आलेले अधिकारी शेऱ्यात जागेबद्दल लिहून जात: छप्पर गळते, उजेड अपुरा आहे, अमुक समाजाची मुले बाहेर ओट्यावर बसवली आहेत. हे शेरे त्या वेळी, त्या जागी, बाहेरच्या माणसाने लिहिलेले असतात, म्हणून पन्नास वर्षांनी सांगितलेल्या आठवणीपेक्षा त्यांचे वजन जास्त.

कृष्णा आणि वारणाकाठच्या गावांना दप्तराच्या बाबतीत वेगळेच दुःख आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत घरांत आणि कार्यालयांत पाणी शिरले. २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. अशा गावात ग्रामपंचायतीचे कपाट भिजून गेले असेल तर पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेकडे गेलेल्या प्रती, वर्तमानपत्रांचे जुने अंक (साताऱ्याचा ‘ऐक्य’, ‘केसरी’, ‘पुढारी’, ‘सकाळ’) आणि घरोघरीच्या ट्रंका यांवर भिस्त ठेवावी लागते. धरणग्रस्त गावठाणात तर गोष्ट दोन गावांची असते: नव्या वसाहतीतले समाजमंदिर हे पुनर्वसनाच्या नागरी सुविधांपैकी एक म्हणून सरकारने बांधलेले असते आणि त्याची फाईल जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पुनर्वसन शाखेत सापडते, पण ज्या सभामंडपात गाव पूर्वी बसत होते तो कोयना, धोम, कण्हेर किंवा वारणेच्या जलाशयाखाली असतो. अशा गावाने जुन्या मंडपापासूनच लिहायला सुरुवात करावी.

इमारत वाचणे

कागद संपले की वही, टेप आणि बॅटरी घेऊन इमारतीत जावे आणि छपरापासून सुरुवात करावी. छपरावर मंगलोरी कौले असतील तर उतरवलेल्या एखाद्या कौलाची खालची बाजू पाहावी. तिथे कारखान्याचे नाव आणि गाव ठशात उमटलेले असते. लोखंडी तुळईच्या अंगावरही कारखान्याचे नाव असते, चुन्याच्या हाताखाली दडलेले. ओल्या फडक्याने पुसले की वाचता येते. या ठशांवरून इमारत अमुक काळाच्या आधीची नाही एवढेच ठरते, कारण जुन्या वाड्याची कौले आणि तुळया काढून समाजमंदिराला लावणे ही पूर्वी नेहमीची गोष्ट होती. भिंतीत खाली चुन्यातले काळे दगडकाम आणि वर सिमेंटमधली वीट असेल तर तिथे दोन काळ भेटतात. कोयनेच्या भूकंपानंतर, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ नंतर, पाटण आणि कराड भागात अनेक इमारतींना भेगा जाऊन डागडुजी झाली. तुमच्या भिंतीतला सांधा त्याचा आहे का हे जुन्या गवंड्याला दाखवून विचारावे.

आता कोनशिलेकडे यावे. जुन्या शिलेवर शके असतो. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवले की इसवी सन येतो. दगड झिजला असेल तर संवत्सराचे नाव कामी येते. समजा शिलेवर ‘शके १८७’ एवढेच दिसते, शेवटचा आकडा गेलेला आहे, पण पुढे ‘विजयनाम संवत्सरे फाल्गुन शुद्ध पंचमी’ हे शब्द शाबूत आहेत. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असल्याने १८७० ते १८७९ या दहा शकांत विजय संवत्सर एकदाच येते, शके १८७५ मध्ये. आणि फाल्गुन असल्याने ७९ मिळवून मार्च १९५४ ही वेळ निश्चित होते. पंचांगाचा जुना संच असलेला एखादा गुरव किंवा जोशी हे दोन मिनिटांत सांगतो. शिलेवर पायाभरणी लिहिली आहे की उद्घाटन, हेही नीट पाहावे. दोहोंत पाच-सात वर्षांचे अंतर असणे काही नवल नाही. पैसे संपून काम चौथऱ्यावर थांबणे ही आपल्याकडची रीतच आहे.

शिलेपेक्षा बोलक्या वस्तू आत असतात. छताच्या पंख्याच्या पात्यांवर रंगाने लिहिलेले असते: एका पात्यावर ‘कै.’ आणि नाव, दुसऱ्यावर ‘यांचे स्मरणार्थ’, तिसऱ्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख. पंखा बंद करून, खाली उभे राहून, तिन्ही पाती क्रमाने वाचून घ्यावीत. भिंतीवरच्या घड्याळावर, लोखंडी कपाटावर, भजनी मंडळाच्या पखवाजावर अशीच ‘सप्रेम भेट’ असते. लग्नकार्यासाठी ठेवलेल्या भांड्यांच्या संचात तर खजिनाच मिळतो, कारण तांब्या-पितळेच्या पातेल्यांवर आणि परातींवर नावे कोरलेली असतात, आणि कोनशिलेवर एकही बाई नसली तरी या भांड्यांवर बायकांची नावे भेटतात.

पैसा कोठून आला

या दोन जिल्ह्यांत गावच्या इमारतींना लागलेला पैसा फार वेळा गावाबाहेरून आला आहे, आणि त्याची दिशा तालुक्यागणिक बदलते. पाटण, जावळी, माण, खटाव या भागांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडी कामाला गेली, तिथे गावाच्या नावाने मंडळे झाली, आणि महिन्याच्या वर्गणीतून देऊळ, शाळेची खोली आणि समाजमंदिर उभे राहिले. अशा मंडळाची वही मुंबईत एखाद्या खोलीच्या पोटमाळ्यावर असते. गावातल्या मुंबईकर घरी विचारल्यास ती कोणाकडे आहे हे कळते. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाल्यानंतर अशा वह्यांतील आकडे कसे घसरतात आणि गावातले काम कसे थांबते, हे दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातील गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पांगले आहेत, म्हणून तिथल्या देणगीदारांच्या फलकावर नाव विट्याकडचे आणि मुक्काम दक्षिणेतल्या एखाद्या शहराचा असे दिसते. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात बिलातून टनामागे ठरावीक रक्कम कापून घेण्याची पद्धत होती. तिथे नावांची यादी नसते, कारण ती वर्गणी सगळ्या सभासदांची असते, आणि नाव नाही म्हणून ती विसरली जाते. अशी कपात झाली असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

श्रमदानाची नोंद तर कुठेच नसते. किती गाड्या दगड आला, बैलगाडी कोणाची, पाणी कोणी भरले, खाणे कोणी शिजवले, हे फक्त विचारूनच कळते.

माणसांना विचारणे

वयस्कर माणसाला ‘समाजमंदिर कोणत्या साली बांधले?’ असे विचारू नये. साल कोणाच्याच लक्षात नसते, आणि विचारणाऱ्याचे मन राखण्यासाठी ते काहीतरी सांगितले जाते. ‘तुमचे लग्न तिथे लागले का? तेव्हा वर पत्रा होता की कौले?’ असे विचारावे. भूकंपाच्या आधी की नंतर, १९७२ च्या दुष्काळात की पुढे, थोरला मुलगा पहिलीत जाण्याआधी की नंतर, अशा खुंट्यांवर आठवण टांगून घ्यावी, आणि मुलाचे साल शाळेच्या जनरल रजिस्टरवरून काढावे. एकाच प्रसंगाबद्दल किमान दोन वेगवेगळ्या घरांत, आणि शक्यतो वेगवेगळ्या गटांच्या घरांत विचारावे. ओसरीवर पाच जण एकत्र बसवून विचारले की सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस इतिहास सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात; म्हणून एकेकट्याशी बोलावे. बायकांशी बायकांनीच बोललेले बरे, आणि तेही दुपारी, घरातली पुरुषमंडळी रानात असताना. बालवाडी कोणत्या कोपऱ्यात भरायची, हळदी-कुंकवाला किंवा महिला मंडळाच्या सभेला त्या पहिल्यांदा कधी आत बसल्या, नाटकाच्या वेळी त्यांची बसायची जागा कोणती, हे पुरुष सांगत नाहीत कारण त्यांना ते माहीत नसते.

वस्तीतल्या लोकांना मुख्य भवनाबद्दलही विचारावे. ‘तुमचे समाजमंदिर’ एवढ्यावरच त्यांना थांबवू नये. पंगतीला कुठे बसवत, भजनाला वर घेत का, पहिल्यांदा कोण आत गेले, हे प्रश्न सरळ विचारावेत. उत्तर कडू असेल तर तसेच छापावे. स्मरणिका समितीला ते आवडणार नाही. पण ज्या गावाच्या इतिहासात कोणीच कोणाला कधी दूर ठेवले नाही तो इतिहास त्या गावातच कोणी खरा मानत नाही.

प्रतिसरकारच्या बाबतीत सावधगिरी हवी. १९४२ ते १९४६ या काळात साताऱ्याच्या प्रतिसरकारने, म्हणजे इंग्रज सरकारला समांतर चाललेल्या भूमिगत सरकारने, गावोगाव न्यायदान मंडळे चालवली, गांधी-विवाह म्हणजे कमी खर्चाची साधी लग्ने लावली, तुफान सेना या आपल्या दलाच्या तुकड्या उभ्या केल्या, आणि साहजिकच आज कुंडलपासून कराडपर्यंत प्रत्येक गावाला वाटते की आपल्याच धर्मशाळेत क्रांतिसिंह नाना पाटलांची बैठक झाली. भूमिगत माणसे गावाच्या मध्यावरच्या इमारतीपेक्षा रानातल्या वस्त्यांवर आणि डोंगरात बसत हेही विसरू नये. गांधी-विवाह धर्मशाळेत लागला असेल तर ज्यांचा लागला त्यांच्या घरी विचारावे, तारीख आणि साक्षीदार घ्यावेत. नुसती ‘येथे बैठका होत’ ही ओळ कागदाशिवाय लिहू नये.

व्यासपीठ

सांस्कृतिक भवन म्हणायचे तर तिथे झालेल्या कार्यक्रमांचा इतिहास हवा, आणि तो बहुतेक स्मरणिकांत नसतोच. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून हा भाग नाट्यपंढरी, अशी एक ओळ टाकून पुढे जाण्याची पद्धत आहे. त्या ओळीचा तुमच्या गावच्या व्यासपीठाशी संबंध नसेल तर ती गाळावी. त्यापेक्षा गावच्या यात्रेत गावच्याच पोरांनी बसवलेली नाटके शोधावीत. हौशी नाटकाची हस्तपत्रिका मिळाली तर नाटक, तारीख, स्थळ, पात्रयोजना, दिग्दर्शक, पडदे आणि रंगभूषा कोणाची, पायपेटीवर कोण, सगळे एका कागदावर मिळते. स्त्री-भूमिका पुरुषांनी केल्या की बाहेरून नटी आणली, आणि गावातली पहिली मुलगी व्यासपीठावर कधी आली, हे त्याच कागदांवरून ओळीने लावता येते. हस्तपत्रिका देव्हाऱ्यामागे, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यात, फोटोच्या चौकटीत पाठीमागे घातलेल्या सापडतात.

तमाशा आणि लोकनाट्यासाठी यात्रा कमिटीचा हिशेब पाहावा. सुपारी किती दिली, फड कोणाचा, मुक्काम किती दिवस, दिवाबत्तीला किती, हे त्यात असते. काळू-बाळू कवलापूरकरांचा फड आमच्या गावी दर वर्षी यायचा, असे मिरज-तासगाव भागात अनेकजण सांगतील. हिशेबात सुपारीची नोंद असलेली वर्षे तेवढी छापावीत. गॅसबत्त्या जाऊन वीज कधी आली, पहिला लाउडस्पीकर कोणाचा, ग्रामपंचायतीचा रेडिओ कुठे ठेवला होता आणि तो संध्याकाळी कोण लावत असे, या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींसाठी दोन पाने राखून ठेवावीत. श्रावणातली पोथी, भजनी मंडळ, गजीनृत्य, लेझीम, कुस्तीचा आखाडा यांच्या नोंदी नसतात, पण फोटो असतात. फोटोतली माणसे डावीकडून उजवीकडे ओळखून घ्यावीत आणि ओळखणाऱ्याचे नावही टिपून ठेवावे, कारण दुसरा माणूस हमखास वेगळी नावे सांगतो.

लिहिणे आणि छापणे

लिहिताना कालक्रम पाळावा, पण वर्षांच्या यादीसारखे लिहू नये. जिथे कागद आणि आठवणी भरपूर आहेत तिथे थांबावे, जिथे दहा वर्षे कुलूप होते तिथे ‘या काळात भवन बंद होते’ असे लिहून कारण द्यावे आणि पुढे जावे. भवन गोदाम म्हणून वापरले गेले, तिथे रेशनचे धान्य ठेवले, खत ठेवले, पत्त्यांचा अड्डा झाला, हेही येऊ द्यावे. दोन साधनांत तारीख वेगळी असेल तर दोन्ही द्याव्यात आणि कोणती का मानली हे एका वाक्यात सांगावे. मधली तारीख काढून तडजोड करू नये. जागेवरून भाऊबंदकी झाली असेल किंवा कोर्टात दावा चालला असेल तर निकालाचा कागद पाहून तेवढेच लिहावे, आणि हयात माणसांवर ठपका ठेवणारे ऐकीव वाक्य छापू नये. देणगीदारांची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने न लावता अकारविल्हे लावावी, म्हणजे १९५० सालचा पाच रुपये आठ आणे देणारा आणि २००५ सालचा पन्नास हजार देणारा यांची विनाकारण तुलना होत नाही. पदाधिकाऱ्यांचे फोटो शेवटच्या पानांवर घ्यावेत. ते वगळण्याचा सल्ला व्यवहार्य नाही, कारण छपाईचा खर्च बहुधा त्यांच्याकडूनच निघतो.

कच्चा मसुदा छापण्यापूर्वी ग्रामसभेत वाचून न दाखवता आठ-दहा घरी वाचायला द्यावा. सभेत हरकत घेणारा माणूस पुढाऱ्याकडे पाहून बोलतो, घरी तो मजकुराकडे पाहून बोलतो. आलेल्या दुरुस्त्या तपासाव्यात आणि कागद मिळाल्यासच स्वीकाराव्यात. लोकांनी विश्वासाने दिलेले फोटो, वह्या आणि हस्तपत्रिका मोबाइलवर नीट उजेडात टिपून लगेच परत कराव्यात आणि परत केल्याची सही घ्यावी. छापील प्रती ग्रामपंचायत, शाळा, गावचे वाचनालय आणि जिल्ह्याचे नगर वाचनालय यांना द्याव्यात, मुलाखतींच्या ध्वनिफिती आणि टिपलेल्या कागदांचा एक संच पेनड्राइव्हवर गावाबाहेर राहणाऱ्या दोघांकडे ठेवावा, आणि पूररेषेतल्या गावाने तर मूळ वह्यांचे कपाट वरच्या मजल्यावर हलवल्याशिवाय प्रकाशनाची तारीख ठरवू नये.